नाकेदारकाकांचा हात

रात्रीची जेवणं आटोपली की आमच्या घरातली मुलं मला नाकेदारकाकांची गोष्ट सांगायला लावतात. त्यांना त्यातला एकच भाग हवा असतो. त्यांचा बाप, शाळेचा मास्तर, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून शेजाऱ्याच्या म्हशीच्या गोठ्यावरून स्वतःच्या घरात कसा शिरायचा तो. मी तो भाग रंगवून सांगतो. दरवर्षी ती म्हैस थोडी मोठी होत चालली आहे, असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे. मुलं हसून हसून लोळतात. गोष्टीचा पुढचा भाग त्यांनी कधी विचारला नाही आणि मीही कधी सांगितला नाही. आता मुलं मोठी होत आहेत, त्यांच्या हातात हे कागद कधीतरी पडतील, म्हणून लिहितो आहे. शिवाय अलीकडे वर्गात गडबड थांबवायला मी हात वर केला, की तो तसाच अर्ध्यावर राहतो आणि पोरं 'मास्तरले काय झालं' म्हणून माझ्याकडे बघत बसतात.

राज्यं बदलली त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी माझी बदली उमरखेडकडच्या, पैनगंगेच्या काठावरच्या एका गावी झाली. छप्पन सालापर्यंत नदीच्या अलीकडे मध्यप्रदेश आणि पलीकडे हैदराबाद असा मामला होता. नदीकडे उतरणाऱ्या गाडीवाटेवर एक नाका होता. इकडचं धान्य, गूळ, जनावरं परवान्याशिवाय तिकडे जाऊ नयेत म्हणून. त्या नाक्यावर उमेदीची सगळी वर्षं घालवलेले किसनराव आमचे घरमालक. नाका गेला, सरहद्द गेली, पण गाव त्यांना नाकेदारच म्हणत राहिलं. आम्ही म्हणायचो नाकेदारकाका.

आमची पहिली भेट मला अजून लख्ख आठवते. नवीन लग्न झालेलं, बैलगाडीत ट्रंक, वळकटी आणि सुमन. घर दिसायला लागलं तसा गाडीवान खाली उतरला आणि म्हणाला, "मास्तर, इथून पुढं तुमचं तुम्ही पाहा." समोर काटेरी कुंपण, कुंपणात जाण्या-येण्यापुरती मोकळी जागा, तिच्यावर आडवा टाकलेला एक लांब सागवानी दांडा. कधीकाळी लाल-पांढरा रंगवलेला असावा. दांड्याखाली एक कुत्रा पडलेला. तांबूस, कमरेत बारीक, छातीत रुंद. तो भुंकला नाही. उठलाही नाही. नुसते डोळे उघडले. मी कुत्र्यांना इतका भितो, की कुत्र्याचं चित्र असलेलं पान मी मुलांना भरभर उलटायला लावतो. मी गाडीतूनच ओरडलो, "आहे का कोणी?"

खाकी कोट घातलेला एक उंच म्हातारा बाहेर आला. उजवा हात वर करून, पंजा उघडून आमच्यासमोर धरला.

"थांबा. कुठून? कुठं? काय हाये?"

मी मुळात घाबरलेला. खरं खरं सांगून टाकलं, "यवतमाळहून. इथंच. एक ट्रंक, एक वळकटी आणि ही... बायको."

सामानाच्या यादीत आपला नंबर तिसरा लागला, हे सुमन अजून विसरलेली नाही. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि दांडा वर उचलला. कुत्रा उठून बाजूला झाला आणि दुसरीकडे पाहायला लागला. आम्ही त्याच्या अगदी जवळून आत गेलो. त्याच्या लेखी आता आम्ही नव्हतोच.

"भुंकत कसा नाही?" मी आत गेल्यावर विचारलं.

"भुंकनाऱ्याले कायले भेता, मास्तर? तो सांगून राह्यला बिचारा, नका येऊ म्हनून. हा शिपाई हाये. शिपाई सांगत नसते."

कुत्र्याचं नाव शिपाई होतं.

ते तीन प्रश्न काका सगळ्यांना विचारायचे. भटजींना विचारायचे, वाणसामान घेऊन येणाऱ्या पोराला विचारायचे. एकदा काकू नदीवरून पाणी घेऊन आल्या तेव्हा त्यांनाही विचारलं. "नदीवरून, तुमच्या उरावर, पानी!" असं त्यांनी ओळीनं उत्तर दिलं आणि दांडा उचलेपर्यंत घागर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. काका स्वतःही घरात शिरताना दांड्यापाशी क्षणभर थांबायचे. कुणाची वाट पाहायचे कोण जाणे.

शिपाईला त्यांनी पिल्लू असताना हरसिंग नाईकाकडून आणलं होतं. हरसिंग पुसदकडच्या एका तांड्याचा नाईक. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलखातून फिरायचे. आता सगळे शेती करायचे, पण कुत्र्यांची ती जात तांड्यानं सांभाळली होती. नाक्यावर काकांनी शिपाईला तयार केलं. काकांचा पंजा वर झाला की गाडी थांबली पाहिजे. थांबली तर शिपाई जागचा हलायचा नाही. पंजा वर असताना जो पुढे सरकेल, त्याच्यावर मात्र तो जायचा. मग काका दांडा उचलायचे, आणि दांडा उचलला की सगळं माफ.

"लोकं म्हनतात, कुत्रं रागीट हाये," काका मला सांगायचे. "कुत्र्याच्या मनात राग नसते, मास्तर. रेघ असते. तिच्या इकडं आपलं, तिकडं दुसऱ्याचं. तुम्ही रेघ पाहून चाला, तो तुमचा पाय चाटन."

राज्यं एक झाली तेव्हा वरून माणसं आली आणि नाक्यावरचा शिक्का, कंदील, खुर्ची घेऊन गेली. दांडा तिथंच पडून राहिला. काका घरी आले. शिपाई आला नाही. तो त्या पडलेल्या दांड्यापाशी बसून गाड्या अडवत राहिला. सरहद्द उठल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं. एका गाडीचे बैल उधळले, गाडीवान खाली पडता पडता वाचला. लोकांनी दगड मारले. शिपाई मार खायचा आणि पुन्हा तिथंच येऊन बसायचा. गावानं त्याला मारून टाकायचं ठरवलं, तेव्हा काकांना एक युक्ती सुचली. त्यांनी तो दांडाच गाडीवर घातला आणि घरी आणला. शिपाई दांड्याच्या मागं मुकाट्यानं चालत आला. काकांनी दांडा आपल्या कुंपणाच्या तोंडाला बसवला आणि शिपाई त्याच्याखाली जाऊन पडला. रस्ता मोकळा झाला.

सगळ्या गावानं काकांची वाहवा केली. काकाही खूश होते. "रेघच उचलून आनली घरी," असं ते चारचौघांत सांगायचे. आपण घराचा नाका केला, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही. काकूंच्या आलं असावं, पण त्यांना कोण विचारतो?

दांडा खाली असला आणि काका घरी नसले, की आत जाण्याचा मार्ग बंद. दांडा काकांनीच उचललेला शिपाईला चाले; पंजा वर नसला तर तो अंगावर येत नसे, नुसता आडवा उभा राहायचा, पण त्याला ओलांडायची माझी छाती नव्हती. सुमनशी शिपाईचं जमलं होतं, पण ते दांड्याच्या आतल्या बाजूला. मी शाळेतून आलो आणि काका शेतात गेलेले असले, तर शेजारच्या महादूच्या गोठ्यात शिरायचं, म्हशीला "बाई, जरा सरक" म्हणायचं, उकिरड्यावर पाय देऊन मागची भिंत चढायची आणि आपल्या अंगणात उडी मारायची, हा माझा रस्ता. मागच्या भिंतीशी शिपाईचं काही देणंघेणं नव्हतं. चोरांना हे कळलं असतं तर घर धुऊन नेलं असतं, पण गावातल्या चोरांना मास्तरइतकी गरज कधी पडली नाही. शाळेतली पोरं मला "गोठामास्तर" म्हणत. निरीक्षक आले तेव्हा एका पोरानं त्यांनाही हेच नाव सांगितलं.

हरसिंग नाईक वर्षातून एकदा यायचा. मोठं पागोटं, पांढऱ्या मिशा, आवाज मोठा. असाच एकदा तो दांड्यापाशी उभा राहिला आणि काकांनी पंजा वर केला.

"काढ तो हात खाली," हरसिंग म्हणाला. "मले इचारून राह्यला कुठून? कुत्रं माहं, अन् मलेच?"

काकांनी दांडा उचलला. हरसिंग आत आला, शिपाईच्या कानामागं खाजवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.

"नाकेदार, तुले एक सांगू? आमची मानसं चालत होती, तवा मुक्काम पडला की गोणी खाली ठेवत. गोणी खाली आली की कुत्रं तिच्याभोवती राखन करे. मानूस असो, वाघ असो, सोडत नव्हतं. पन सकाळी गोणी बैलावर चढली की कुत्रं मोकळं. मंग ते लेकरांसंगं खेळे, सशामागं धावे. तू याची गोणी खाली ठेवली. उचललीच नाही कधी."

"मंग काय करू?"

"जाळ हा दांडा. त्याच्या डोळ्यांसमोर. दोन दिवसांत पोट्ट्यावानी होते का नाही पाहा."

हरसिंग गेल्यावर काका दांड्यावरून हात फिरवत मला म्हणाले, "जाळ म्हनते. त्याचं काय जाते?" त्यांच्या हाती त्या नोकरीचा खाकी कोट आणि हा दांडा एवढंच उरलं होतं, हे मला दिसत होतं.

काकांची एकुलती एक मुलगी गंगू पुसदला दिलेली. जावई शिस्तीचा, कमी बोलणारा. दिवाळीला गंगू चार वर्षांच्या मंदाला घेऊन माहेरी येणार असं कळलं. काकू भाजणीचं दळण बाजूला सारून उठल्या.

"अवो, लेकरू येऊन राह्यलं. तो दांडा काढा."

"मी हाये ना. दिवसभर तिथंच बसतो."

"तुम्ही हाये म्हनूनच म्हनते मी."

पण काकांनी खरंच बाज दांड्याजवळ आणून टाकली. मंदा आली ती आजोबांच्या खांद्यावर बसून, उचललेल्या दांड्याखालून. शिपाईनं तिचे पाय हुंगले आणि तो बाजूला झाला. आजोबा-नातीचं असं गूळपीठ जमलं की काकांचा चेहरा ओळखू येईना. त्यांच्या तीन प्रश्नांना ती तीन उत्तरं द्यायला शिकली. "कुठून?" "पुसद!" "कुठं?" "आजोबाकडं!" "काय हाये?" "लाडू!" आणि दोघं हसत. खेळ चाले तो आतल्या आत, बाजेपासून तुळशीपर्यंत, आणि शिपाई दांड्याखालून ते शांतपणे पाहत असे. काका नाकेदार झाल्यापासून इतके हसलेले गावानं पाहिले नव्हते.

भाऊबीजेचा दुसरा दिवस. ऊन उतरत होतं. मी काही कामानं शाळेत गेलो होतो. परत आलो ते माझ्या रोजच्या रस्त्यानं, सवयीनं. दांड्यापाशी काका आहेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तेव्हा मी मागच्या भिंतीवर होतो, एक पाय महादूच्या उकिरड्याकडे आणि एक आमच्या अंगणाकडे, धोतर एका खुंटीला अडकलेलं. तिथून दांड्यापर्यंतचं सगळं अंगण दिसायचं.

रस्त्यावरून शेळीचं एक करडू गेलं. मंदा त्याच्यामागं दांड्याखालून वाकून बाहेर गेली. बाहेर जाणाऱ्याला शिपाई कधी अडवत नसे. काका बाजेवर डुलक्या घेत होते. करडू पळालं, मंदा वळली आणि घराकडे धावत यायला लागली. काकांनी डोळे उघडले. नात धावत येताना दिसली. त्यांचं तोंड हसण्यानं भरलं आणि उजवा हात वर झाला, पंजा उघडा.

"थांबा! कुठून आल्या बाई?"

"पुसद!" मंदा ओरडली आणि थांबली नाही. हसत हसत दांड्याखाली वाकली.

शिपाई भुंकला नाही.

मी वरून ओरडलो, त्याचा काही उपयोग झाला नाही. काका बाजेवरून उठले आणि त्यांनी दांडा वर उचलला. त्याच क्षणी शिपाईनं तिला सोडलं आणि बाजूला होऊन दुसरीकडे पाहायला लागला, रोजच्यासारखा. मंदा मातीत पडली होती. दंडाचं मांस लोंबत होतं आणि गालावरून रक्त वाहत होतं. ती रडतही नव्हती. नुसती आजोबांच्या वर धरलेल्या हाताकडे पाहत होती.

उमरखेडच्या दवाखान्यात टाके पडले, पोटात सुया घ्याव्या लागल्या. मंदा वाचली. हात वाकडा राहिला नाही, पण दंडावर आणि गालावर व्रण राहिले. दुसऱ्या दिवशी जावई आला. ओरडला नाही. दांड्याच्या बाहेरच उभा राहून म्हणाला, "कुत्रं जिवंत असेपर्यंत हिचं माहेर संपलं."

संध्याकाळपर्यंत गावातली माणसं काठ्या आणि दोर घेऊन जमली. काका दांड्यापाशी उभे.

"कुत्र्यानं काही केलं नाही," ते म्हणाले. "हात माहा वर गेलता."

"नाकेदार, बाजूला व्हा. तुमचं मन ठिकाणावर नाही."

"कोनी ऐकून काहून नाही राह्यलं? मी थांब म्हनलं. ती थांबली नाही. त्याले मी जे शिकवलं, ते त्यानं केलं. मारायचं तं मले मारा."

म्हातारा दुःखानं असं बोलतो आहे, असंच सगळ्यांना वाटलं. महादूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांना काय सांगायचं होतं हे मला कळत होतं, कारण मी तो हात पाहिला होता. सुमननं लोकांना हात जोडले आणि एका दिवसाची मुदत मागून घेतली. मी सायकलवरून हरसिंगकडे निघालो. वाटेत मला आडवी आलेली कुत्री मोजली असती तर माझं शौर्य सिद्ध झालं असतं, पण त्या दिवशी मला एकही दिसलं नाही.

हरसिंग दुसऱ्या दिवशी आला. कुऱ्हाड मागितली. काकांनी ती स्वतः आणली, पण चालवायला त्यांचे हात उठेनात. काकूंनी कुऱ्हाड घेतली. दांडा जागेवरून काढला, अंगणाच्या मधोमध त्याचे तुकडे केले आणि पाण्याच्या चुलीत घातले. जुना साग लवकर पेटतो. शिपाई समोर बसून पाहत होता. ज्वाळा वर आल्या तसे त्याचे कान हलले. तो उठला, अंग झटकलं आणि कुंपणाच्या त्या मोकळ्या तोंडातून बाहेर गेला. पुन्हा आत आला. पुन्हा बाहेर गेला. मग हरसिंगच्या धोतराचा सोगा तोंडात धरून ओढायला लागला, खेळायला. इतक्या वर्षांत आम्ही त्याला खेळताना पाहिलं नव्हतं. हरसिंग चालायला लागला, शिपाई त्याच्यापुढे उड्या मारत गेला. त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही. तो गेला की नाही हे पाहायला काकाही वळले नाहीत. ते चुलीकडे पाहत बसले होते.

पुढे हरसिंग निरोप देत राहिला. तांड्यातली लेकरं शिपाईच्या पाठीवर बसतात, कोंबड्यांची पिल्लं त्याच्या पोटाशी झोपतात, अंगणात कोणीही ये-जा करतं. मी काकांना म्हणालो, "एकदा जाऊन बघून या की."

"मी गेलो, अन् हा वर झाला तं?" ते म्हणाले. हा म्हणजे उजवा हात. तो त्यांनी तेव्हापासून कोटाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली होती. जेवतानाच बाहेर काढायचे. नमस्कार करणं त्यांनी सोडलं. नवीन माणसांना ते आढ्यतेखोर वाटायचे. प्रश्न विचारणंही बंद झालं. कुंपणाला आता तोंडच तोंड होतं, मी राजरोस पुढून जायला लागलो, आणि महादूची म्हैस मला विसरली.

कुत्रा गेल्याचं कळल्यावर जावयाचा राग निवळला. पुढच्या दिवाळीला गंगू आणि मंदा आल्या. एसटीतून उतरून दोघी चालत आल्या. काकू ओवाळायला ताट घेऊन उभ्या. काका त्यांच्या मागे, हात खिशात. ना दांडा, ना कुत्रा. गंगू आत आली. मंदा कुंपणाच्या तोंडाशी थांबली.

"ये न वो बाई," काकू म्हणाल्या. "गेला तो. दूर गेला. हे पाहा, काही नाही इथं."

मंदा हलेना. पोरगी कुत्र्याला शोधत असेल असं आम्हाला वाटलं. मी तर बाजेखाली वाकूनसुद्धा दाखवलं, नाही म्हणून. पण ती खाली पाहतच नव्हती. ती काकांच्या खिशाकडे पाहत होती.

ते काकांच्या आमच्याआधी ध्यानात आलं. काकूंच्या बाजूनं, भिंतीला लागून, मंदापासून जितकं लांब राहता येईल तितकं राहून ते बाहेर पडले आणि रस्त्यानं चालायला लागले. पाठमोरे. ते वळणाआड होईपर्यंत मंदा पाहत राहिली, आणि मग धावत आजीच्या कुशीत शिरली.

अंधार पडायच्या आत मी त्यांना शोधायला निघालो. ते शाळेच्या ओसरीवर बसले होते. "मास्तर, हे चार दिवस इथं राहू द्या," म्हणाले. "तिचं माहेर हाये ते." मी किल्ली दिली. त्यानंतर दर दिवाळीला हेच झालं. गंगूची एसटी यायच्या आदल्या दिवशी काका आपलं कांबळं घेऊन शाळेत यायचे. डबा सुमन न्यायची. गंगू रडायची, भेटायला यायची. मंदाला कधी कोणी आणलं नाही आणि काकांनी कधी मागितलं नाही.

माझी बदली झाली ती अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत. सामान गाडीत घालून आम्ही निघालो. शाळेपाशी मी गाडी थांबवली आणि निरोप घ्यायला ओसरीवर गेलो. काका खांबाला टेकून बसले होते. शाळेपासून घर फार लांब नाही. अंगणातले आवाज स्पष्ट येत होते. मंदा आता चांगली मोठी झाली होती, शेजारच्या पोरींबरोबर खेळत होती. मध्येच तिचा आवाज आला, जरासा बिचकत.

"आजी, दिवाळीले आजोबा कुठं जाते?"

काकूंचं उत्तर ऐकू आलं नाही.

काका उठून उभे राहिले. ओसरीच्या कडेपर्यंत गेले. मला वाटलं, आता जातील. मी पायरीवरून बाजूला झालो.

"मास्तर," ते म्हणाले, "जायच्या आधी एवढं सांगा तिले. बाहेरगावी गेले म्हना. लांब."

आणि घराकडून दिसू नये म्हणून ते खांबाच्या मागे सरकले.